दुपारी बंद पडणारं कार्ड

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून कंट्रोल कार्ड दुरुस्तीला आलं. सकाळी बिनतक्रार चालतं, दुपारी भट्टी रंगात आली की गपगार पडतं. उद्यमनगरात माझ्या टेबलावर ते दोन दिवस अखंड चाललं, आणि ते साहजिकच होतं. वितळलेलं लोखंड १४०० अंशांच्या पुढे असतं; शेजारच्या पॅनेलमधली हवा ६५-७० अंशांवर जाते. टेबलावर पोचेपर्यंत दुखणं निवलेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण आधी क्रिस्टल बदलतात. मायक्रोकंट्रोलर म्हणजे कार्डाचा मेंदू असलेली चिप; तिची सगळी कामं क्वार्ट्झच्या या कपचीच्या ठोक्यांवर चालतात. १६ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके. क्वार्ट्झ दाबलं की त्यात वीज उमटते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. वीज दिली की ते थरथरतं, ही त्याचीच उलटी बाजू. उष्णतेनं ही थरथर बदलते, पण किती? घड्याळातलं ३२,७६८ हर्ट्झचं क्रिस्टल २५ अंशांना बरोबर असेल, तर ६५ अंशांना दिवसाकाठी पावणेपाच सेकंद मागं पडतं. एवढ्यानं कार्ड बंद पडत नाही.

ही थरथर चालू राहते कशी, हे कळायला नागपंचमीचा झोका आठवा. दर फेरीला थोडा जोर वाया जातो, तेवढा मागून कुणीतरी द्यावा लागतो. चिपमधला अँप्लिफायर हाच जोर देतो. चिप तापली की इलेक्ट्रॉनची चाल मंदावते आणि धक्का कमी पडतो. क्रिस्टलच्या पायांशी सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स चिकटलेला असेल, तर त्यातूनही थोडी वीज गळते. मुळातच जेमतेम जोरावर चालणारा झोका मग थांबतो.

म्हणून टेबलावरच कार्ड तापवायचं. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिपला चिकटवून मी ड्रायर धरला. ६८ अंशांना ते बंद पडलं. इथे ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब थेट क्रिस्टलच्या पायाला लावू नये. प्रोबची स्वतःची दहा-बारा पिकोफॅरड (कपॅसिटर मोजायचं एकक) भर पडते आणि आपण वेगळंच सर्किट तपासत बसतो. ठोके प्रोग्रॅमनं दुसऱ्या पिनवर काढून तिथे बघावेत.

खरी परीक्षा रेझिस्टरची, म्हणजे झोक्याचा जोर मुद्दाम जास्त वाया घालवून बघायची. क्रिस्टलचा एक पाय सोडवून मधे रेझिस्टर जोडायचा, किंमत वाढवत न्यायची, दर वेळी वीज बंद करून पुन्हा चालू करायची. क्रिस्टलचा रोध ५० ओहम असेल, तर निदान त्याच्या पाचपट, म्हणजे एकूण २५० ओहमपर्यंत ठोके सुरू व्हायला हवेत. हे कार्ड १०० ओहमचा रेझिस्टर जोडताच, थंड असूनही, उठेना.

भिंग लावून पाहिलं. आधीच्या कुठल्याशा दुरुस्तीत क्रिस्टलजवळचे २२ पिकोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर काढून ४७ चे बसवले होते. कपॅसिटर दुप्पट झाले की मिळणारा जोर जवळजवळ पाव हिश्श्यावर येतो. मी तापमानानं फारसे न बदलणारे, सी-झीरो-जी जातीचे २२ चे बसवले आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं फ्लक्स धुतला. आता ३३० ओहम मधे असतानाही ठोके सुरू झाले, आणि रेझिस्टर काढून ८५ अंशांपर्यंत तापवलं तरी कार्ड थांबलं नाही.

क्रिस्टल जुनंच ठेवलंय.