अँ नॉम ए यून फाम

(एक पुरुष आणि एक स्त्री). 1966 सालचा फ्रेंच प्रेमपट. दिग्दर्शक क्लोद ललूश. पटकथा ललूश व पिएर उईटरहोवेन. संगीत फ्रान्सिस ले. प्रमुख भूमिका आनूक एमे व झां-लुई त्रँतिन्याँ. पती गमावलेली आन आणि पत्नी गमावलेला मोटारशर्यतपटू झां-लुई (पात्राचे नाव नटाचेच आहे) यांची मुले फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील दोव्हिलच्या वसतिशाळेत असतात. तेथेच त्यांची ओळख होते.

चित्रपटाचा उगम ललूश यांनी स्वतःच सांगितला आहे. आधीच्या चित्रपटाला वितरक मिळेना, तेव्हा सप्टेंबर 1965 मध्ये ते रात्री मोटार घेऊन निघाले व पहाटे दोव्हिलच्या किनाऱ्यावर पोचले. तेथे मूल आणि कुत्र्यासह चालणारी एक स्त्री दुरून दिसली आणि कथा सुचली. या हकिकतीला आधार मुख्यतः त्यांच्याच कथनाचा आहे.

चित्रण 1965-66 च्या हिवाळ्यात, सुमारे तीन आठवड्यांत, मोजक्या सहकाऱ्यांसह झाले. कॅमेरा बहुतांशी ललूश यांच्याच हाती होता. गाणी व संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून चित्रणाच्या वेळी नटांना ऐकवले जाई. गीतकार पिएर बारू यांनीच आनच्या दिवंगत पतीची भूमिका केली.

सर्वाधिक चर्चा झाली ती रंगीत व कृष्णधवल दृश्यांच्या सरमिसळीची. काही समीक्षकांनी तिच्यात स्मृती व वर्तमान यांचे प्रतीक पाहिले. ललूश यांचा खुलासा साधा आहे : रंगीत फिल्म परवडत नव्हती; पुढे अमेरिकी वितरकाने रंगाच्या अटीवर पैसे देऊ केल्याने बाहेरची दृश्ये रंगीत घेतली, आतली कृष्णधवल राहिली. हा खुलासा ग्राह्य मानावा लागतो; मात्र त्याने सगळे उलगडत नाही. हॉटेलातील शय्यादृश्य एकरंगी आहे. आन झां-लुईच्या मिठीत असतानाच मधूनमधून पतीच्या आठवणी पूर्ण रंगांत येतात आणि तिचा चेहरा हळूहळू विझत जातो. टंचाईमुळे झालेली वाटणी येथे अर्थवाही बनते, हे मत अधिक पटते.

कान महोत्सवात 1966 चे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला पिएत्रो जेर्मी यांच्या इटालियन चित्रपटासोबत विभागून मिळाले. पुढील वर्षी परभाषीय चित्रपट व मूळ पटकथा यांसाठीची ऑस्कर पारितोषिके मिळाली; आनूक एमे यांना अभिनेत्रीचे नामांकन होते. प्रेक्षकांचा प्रतिसाद फार मोठा होता. फ्रान्समधील नवप्रवाही (‘न्यू वेव्ह’ या चित्रपटचळवळीशी निगडित) समीक्षकांनी मात्र ललूश यांची शैली वरवरची, जाहिरातीसारखी गुळगुळीत ठरवली. हा आक्षेप किनाऱ्यावरच्या काही लांबलेल्या दृश्यांना लागू पडतो. उपाहारगृहातील अडखळत्या, अर्धवट सुटणाऱ्या संवादांना तो लागू पडत नाही. त्यांतला संकोच खरा आहे.

याच नटांना घेऊन ललूश यांनी 1986 व 2019 मध्ये उत्तरभाग केले.