व्हीलचेअरवरचा नाच: आधी उपचार, मग स्पर्धा, मग रंगमंच आणि पार्टी सगळ्यात शेवटी

व्हीलचेअरवर नाचणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात आणि त्यांच्याखाली ‘काय जिद्द आहे!’ छापाच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. यामागचा इतिहास पाहिला तर जिद्दीचा वाटा त्यात तसा कमीच निघतो. नाचावंसं तेव्हाही वाटत असणार. घोडं अडत होतं दोन ठिकाणी: खुर्ची कोणाच्या हातात आहे, आणि जिथे नाच चाललाय तिथे ती आत जाते का.

आधी खुर्चीचं पाहू. 1655 साली जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ स्टेफान फार्फलर नावाच्या अपंग घड्याळजीने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. हाताने दांडा फिरवायचा की ती पुढे जायची. स्वतःच्या हाताने चालणारी खुर्ची म्हणून तिचं नाव नेहमी घेतलं जातं, पण तिचा कित्ता फारसा कोणी गिरवला नाही. पुढच्या शतकात इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली ती बाथ चेअर. बसणाऱ्याच्या हाती दिशा वळवायचा दांडा तेवढा दिलेला, चालवायला मागे किंवा पुढे माणूस लागायचाच. अशा खुर्चीतला माणूस फिरायला जाऊ शकतो, मेजवानीत एका बाजूला बसून बघू शकतो. ताल कितीही समजत असला तरी त्यावर कधी हलायचं हे ठरवणार ढकलणारा.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हे चित्र पालटायला लागलं. खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा दुखावलेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा इंजिनियर मित्र हॅरी जेनिंग्ज या दोघांनी पोलादी नळ्यांची, मधोमध फुलीसारख्या पट्ट्यांवर मिटणारी खुर्ची बनवली. ती मोटारीत मावायची. म्हणजे घराबाहेर पडता आलं, कोणाकडे जाता आलं. वजन मात्र वीस किलोच्या वर, आणि पुढची कित्येक दशकं बाजारात दबदबा या एकाच कंपनीचा राहिला. इतका की 1977 मध्ये अमेरिकी न्याय खात्याने तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरला.

दुसरी मोठी गोष्ट वैद्यकीय होती. दुसऱ्या महायुद्धाआधी मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण बहुधा एक-दोन वर्षांतच जायचा, सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांनी (शय्याव्रण) नाहीतर मूत्रमार्गाच्या संसर्गाने. जर्मनीतून निसटून आलेले ज्यू मेंदूतज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला आणि दर काही तासांनी कूस बदलण्यापासून खेळांपर्यंत सगळं उपचारात आणलं. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे 16 जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकची गोष्ट इथूनच सांगतात. आपल्या विषयाला त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रथमच विशी-तिशीतल्या, बाकी ठणठणीत असलेल्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली. या वयाच्या माणसांना संध्याकाळी काय हवं असतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

अमेरिकेत युद्धानंतर व्हीलचेअरवर स्क्वेअर डान्स रंगायला लागला, तो उगीच नाही. त्यात चार जोड्या चौकोनात उभ्या असतात आणि एक जण पुकारा करतो: अदलाबदल करा, गोल फिरा, मधून जा. पाय कसा पडतो यापेक्षा कोण कुठे जातो याला महत्त्व. असा नाच चाकांना आयताच मानवतो.

बॉलरूमचं, म्हणजे जोडीदाराला धरून करायच्या नाचाचं, प्रकरण अवघड होतं, आणि ते सोडवलं स्वीडनने. 1968 मध्ये तिथे विरंगुळा आणि पुनर्वसन म्हणून व्हीलचेअर नृत्य सुरू झालं. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या एल्स-ब्रिट लार्सन या त्यातल्या अग्रणी. 1975 मध्ये वेस्त्रा फ्रोलुंदा इथे पहिली स्पर्धा झाली तेव्हा 30 जोड्या उतरल्या. दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1998 मध्ये जपानात पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. आज या खेळाला पॅरा डान्स स्पोर्ट म्हणतात. दोघेही चाकावर असले तर ‘ड्युओ’, एक चाकावर आणि एक पायांवर असेल तर ‘कॉम्बी’. वॉल्ट्झ, टँगो, रुम्बा, जाइव्ह, सगळं आहे. पॅरालिम्पिकमध्ये मात्र अजून शिरकाव नाही.

कॉम्बीमध्ये नेमकं काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. उभ्या जोड्यांची मिठीसारखी पकड इथे जमत नाही, मध्ये गुडघे आणि फूटरेस्ट येतो. म्हणून हात लांब ठेवून, नाहीतर बाजूने धरायचं. खुर्चीवरच्याचा एक हात जोडीदाराच्या हातात, दुसरा चाकाच्या कडीवर. पण एकाच चाकाला रेटा दिला की खुर्ची वळते, सरळ जात नाही. मग सरळ रेष आणायची कुठून? थोडी जोडीदाराच्या ओढीतून, थोडी धड झुकवण्यातून. हात सैल पडला तर सांगावा पोहोचत नाही आणि जास्त ओढलं तर जोडीदार पुन्हा ‘ढकलणारा’ होऊन बसतो. चांगल्या जोडीत ओढ दोन्ही बाजूंनी असते. खुर्चीवरची नर्तकी ब्रेकसारखी थबकते आणि उभा असलेला तिच्याभोवती भिरभिरतो. उभ्याने नाचणाऱ्या नवशिक्याची भीती मात्र एकच, पायाची बोटं.

हे सगळं वीस किलोच्या लोखंडावर करणं म्हणजे शिक्षाच. 1978 मध्ये मॅरिलिन हॅमिल्टन हँग ग्लायडिंग करताना, म्हणजे पंखासारख्या ग्लायडरला लटकून हवेत तरंगताना, कोसळल्या, आणि मिळालेली खुर्ची त्यांना असह्य झाली. ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांना त्यांनी ग्लायडरच्याच ॲल्युमिनियम नळ्यांची खुर्ची करायला सांगितलं. त्यातून आलेली ‘क्विकी’ जुन्या खुर्चीच्या जवळपास निम्म्या वजनाची होती, आणि रंगीतही. पुढे खुर्च्यांची चाकं खाली बाहेरच्या बाजूला कललेली येऊ लागली. अशा चाकांमुळे खुर्ची जागच्या जागी पटकन गिरकी घेते आणि झुकलं तरी आडवी होत नाही. मागच्या मुठी काढून टाकणारेही बरेच निघाले. मूठच नाही म्हटल्यावर न विचारता ढकलणार कोण? माझ्या मते नाचासाठी कुठल्याही भाषणापेक्षा या बदलाने जास्त केलं.

रंगमंचाचं दार साधारण याच सुमारास उघडलं. स्पायना बिफिडा (पाठीचा कणा नीट न जुळण्याचा जन्मजात विकार) घेऊन जन्मलेल्या मेरी व्हर्डी-फ्लेचर यांनी 1980 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला ‘डान्सिंग व्हील्स’ ही नृत्यसंस्था सुरू केली. 1987 मध्ये कॅलिफोर्नियात ‘ॲक्सिस’ आली. 1973 मध्ये नृत्य करताना रंगमंचावरच पडून मज्जारज्जूला इजा झालेल्या सेलेस्ट डँडेकर यांनी ॲडम बेंजामिन यांच्यासह 1991 मध्ये लंडनला ‘कॅनडूको’ काढली. आपल्याकडे सय्यद सल्लाउद्दीन पाशा यांनी व्हीलचेअरवर भरतनाट्यम बसवलं. सुरुवातीला समीक्षकांना काय लिहावं हेच सुचत नसे. नाच वाईट म्हटला तर निर्दयपणा, चांगला म्हटला तर कौतुकाची खिरापत. अॅलिस शेपर्ड यांच्यासारख्या नंतरच्या पिढीने हा पेचच निकालात काढला. मध्ययुगीन साहित्याची प्राध्यापकी सोडून नृत्यात आलेल्या शेपर्ड यांच्या ‘डिसेंट’ या नृत्यात नेपथ्य म्हणजे एक मोठा वळणावळणाचा उतार आहे, आणि तो चाकांच्या वेगासाठीच घडवलेला आहे.

आता दाराची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या अनेक शहरांनी ‘विद्रूप’ किंवा व्यंग असलेल्या माणसांनी सार्वजनिक जागी दिसू नये असे नियम केले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा 1867 चा, शिकागोचा 1881 चा. रोख मुख्यतः भिकाऱ्यांवर असला तरी संदेश सगळ्यांनाच पोहोचत होता. शिकागोचा नियम रद्द झाला तो थेट 1974 मध्ये, म्हणजे स्वीडनमध्ये 30 जोड्या स्पर्धेला उतरल्या त्याच्या एकच वर्ष आधी. अपंगांशी भेदभाव रोखणारे कायदे त्यानंतर आले: अमेरिकेचा 1990 चा, ब्रिटनचा 1995 चा. अपंगांच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातलं कलम 30 तर सांस्कृतिक जीवन, करमणूक आणि फावला वेळ यांतल्या सहभागावरच आहे. नाच इलाजासाठी नाही, खेळासाठी नाही, नुसताच मजेसाठी, हे कागदावर यायला एवढी वर्षं लागली.

कागदावरून डान्स फ्लोअरपर्यंतचा प्रवास अजून चालूच आहे. रॅम्प असतो, पण फ्लोअर दोन पायऱ्या खाली. आत जाता येतं, पण स्वच्छतागृह तळघरात, मग माणूस संध्याकाळभर पाणीच पीत नाही. मोठ्या आवाजात गप्पा उभ्या माणसांच्या डोक्यांच्या उंचीवर चालतात. खाली बसलेल्याला त्यातलं अर्धं ऐकू येत नाही आणि समोर दिसतात ते पट्टे आणि पर्सा. खुर्ची बाजूला करायची म्हणून अनोळखी माणूस सरळ पाठीमागून धरतो. खुर्ची विजेवर चालणारी असेल तर लोक घाबरून मोठं रिंगण मोकळं करतात, आणि गर्दीत नाचायला आलेला माणूस एकटाच मधोमध उरतो.

संगीताच्या मोठ्या कार्यक्रमांत यावर सर्रास काढलेला तोडगा म्हणजे व्हीलचेअरसाठी वेगळा उंच मंच. तिथून सगळं दिसतं, हे खरं. पण बरोबर बहुधा एकाच सोबत्याला सोडतात, त्यामुळे चौघांबरोबर आलेल्याला तिघं खाली ठेवून वर जावं लागतं. ब्रिटनमध्ये ‘ॲटिट्यूड इज एव्हरीथिंग’ ही संस्था 2000 पासून अशाच गोष्टींवर कार्यक्रमस्थळांशी बोलत आली आहे. मंच काढून टाका असं कोणी म्हणत नाही, पाठ दुखणाऱ्याला आणि गर्दी नको असणाऱ्याला तो हवाच असतो. मागणी एवढीच की फ्लोअरही सपाट आणि मोकळा असावा, सोबत किती जण येणार हे तिकीट काढणाऱ्याने ठरवावं, आणि कुठे थांबायचं हे दारावरच्या रखवालदाराने परस्पर ठरवू नये.