स्मृतिभ्रंश आणि संगीत

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीचे मन प्रसन्न राहावे, तिची तगमग कमी व्हावी आणि भोवतालच्या माणसांशी तिचा संबंध टिकावा, यासाठी जाणीवपूर्वक केलेला संगीताचा वापर. प्रशिक्षित संगीतोपचारकाने घेतलेली सत्रे यात येतात, समूहगान येते आणि घरच्या माणसाने आंघोळ घालताना गुणगुणलेली भूपाळीही येते. संगीताने हा आजार बरा होत नाही. त्याची वाटचाल थांबते असेही सिद्ध झालेले नाही. तरीही इतका स्वस्त, घरच्या घरी करता येणारा आणि रुग्णाचा मान राखणारा दुसरा उपाय सापडणे अवघड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५.७ कोटी लोकांना स्मृतिभ्रंश होता. त्यांतील ६० ते ७० टक्के रुग्ण अल्झायमरचे असतात. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून काढण्यात आला. आपल्याकडे ‘वय झालं, विसरणारच’ असे म्हणून पहिली काही वर्षे वाया जातात, आणि आवडीनिवडी विचारून घेण्याची खरी वेळ तीच असते.

अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच इजा होते ती मेंदूतील हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतच्या भागांना. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम तिथे होते. त्यामुळे सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नाही. गाण्याचे तसे नसते. चाल, ठेका, शब्द, गाताना होणाऱ्या ओठांच्या हालचाली आणि त्या गाण्याशी जोडलेली भावना यांसाठी मेंदूचे निरनिराळे भाग कामाला लागतात. शिवाय वर्षानुवर्षे म्हटलेले गाणे अंगवळणी पडलेले असते, आणि अंगवळणी पडलेली कौशल्ये या आजारात बरीच उशिरा जातात. जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचा माग काढला. निरोगी तरुणांना ओळखीची व अनोळखी गाणी ऐकवून, जुनी गाणी ओळखताना मेंदूचे कोणते भाग काम करतात हे त्यांनी शोधले आणि मग अल्झायमरच्या रुग्णांमध्ये त्याच भागांची अवस्था तपासली. मेंदू इतरत्र आक्रसलेला असतानाही हे भाग त्या मानाने शाबूत आढळले. बोलताना एक वाक्य पुरे करू न शकणाऱ्या आजी आरतीची कडवी न अडखळता म्हणतात, त्यामागचे हे एक संभाव्य कारण आहे. स्मृतिभ्रंशाच्या सगळ्या प्रकारांत मात्र असेच घडते असे नाही. मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागांना ग्रासणाऱ्या प्रकारात काहींना संगीतातली भावना ओळखणे जड जाते, तर काहींना पूर्वी नव्हते इतके गाण्याचे वेड लागते.

संगीत म्हणजे कोणते संगीत, हा यातला कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक लिंडा गर्डनर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना काही आठवडे त्यांच्या स्वतःच्या आवडीचे आणि काही आठवडे मन शांत करणारे म्हणून निवडलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकवले. आवडीच्या संगीताने अस्वस्थता अधिक कमी झाली. ‘मनःशांती’ची बासरी लावून देणे सोपे असते, पण तिच्यात त्या माणसाचे आयुष्य नसते. साधारणपणे दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयातही सर्वांत ठळक राहतात, त्यामुळे त्या वर्षांतली गाणी आधी शोधावीत. १९४२ साली जन्मलेली व्यक्ती १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्या घरी रेडिओ असेल तर त्या काळची भावगीते आणि सिनेसंगीत हाताशी लागते. रेडिओच नसेल तर जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, हरिपाठ. गिरणगावात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाकडे भजनी मंडळातले अभंग किंवा शाहिराचा पोवाडा निघेल, तर मडगावकडच्या ख्रिस्ती आजीकडे मांडो आणि चर्चमधली गीते. लग्न होऊन दुसऱ्या भाषेच्या घरात आलेल्या बाईच्या बाबतीत तर मुलांनाही माहीत नसलेली माहेरची गाणी असू शकतात. ती मामा-मावशांकडूनच कळतात.

स्वीडनमध्ये एव्हा गोटेल, स्टीव्हन ब्राउन आणि सिर्का-लीसा एकमन यांनी केलेले काम घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. त्यांनी वृद्धनिवासातील सकाळची वेळ निवडली: उठवणे, तोंड धुणे, कपडे घालणे. रोजच्या पद्धतीत शुश्रूषा करणारी व्यक्ती सतत बोलत होती, सूचना देत होती. हात वर करा, इकडे वळा, बाही घाला. रुग्ण गोंधळत, अंग आखडून घेत, कधी झटापट करत. मागे ओळखीचे संगीत लावले तेव्हा सूचना कमी लागल्या. शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतः गाऊ लागली तेव्हा सूचना जवळजवळ थांबल्या. पुढे काय करायचे हे रुग्णांना जणू आपोआप उमगू लागले, त्यांची पाठ सरळ झाली, हालचालींत जोर आला. गाणाऱ्या व्यक्तीचा आवाज चांगला असण्याची अट यात कुठेही नव्हती. आपल्याकडे आंघोळीच्या वेळीच सर्वाधिक ओढाताण होते. नळ सोडण्याआधी ओळखीचे गाणे सुरू करावे, एक ओळ म्हणून थांबावे आणि पुढची ओळ येते का ते पाहावे. शब्द आले नाहीत तरी मांडीवर ठेका धरला जातो, आणि तेवढ्यात सदऱ्याची बाही हातात गेलेली असते.

समूहगानाचेही चांगले अनुभव आहेत. इंग्लंडमध्ये २००३ पासून रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे एकत्र बसून गाण्याचे वर्ग चालतात. फिनलंडमध्ये तेप्पो सार्कामो व सहकाऱ्यांनी अशा ८९ जोड्यांचा अभ्यास केला. दहा आठवड्यांच्या गायनवर्गाचा फायदा काळजी घेणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यालाही झाल्याचे २०१४ मध्ये त्यांनी मांडले.

पुरावा किती भक्कम आहे, हेही सांगायला हवे. निवडक क्षणांच्या चित्रफिती पाहून घरच्यांच्या आशा फार वाढतात. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०२५ च्या आढाव्यात ३० चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यानुसार किमान पाच सत्रांनंतर नैराश्याची लक्षणे बहुधा कमी होतात, वर्तनाच्या एकूण समस्याही कमी होण्याची शक्यता असते. मात्र आक्रमकपणा आणि स्मरण-आकलन यांत फारसा फरक दिसत नाही. सत्रे थांबल्यावर परिणाम किती टिकतो, हे स्पष्ट झालेले नाही.

गाणे दुखवूही शकते. गेलेल्या जोडीदाराशी किंवा मुलाशी जोडलेले गाणे रडवते. डोळ्यांत पाणी येणे वाईटच असे नाही, पण चेहरा कसनुसा होऊ लागला तर थांबावे. दिवसभर चालू ठेवलेला टीव्ही हे संगीत नव्हे, तो गोंगाट ठरतो. मोबाइलवर गाण्यांच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींनी रुग्ण दचकतात, त्यामुळे गाणी आधीच उतरवून ठेवावीत. ऐकू कमी येत असेल तर आवाज वाढवण्याआधी श्रवणयंत्राची बॅटरी पाहावी. हेडफोन काहींना चालतात, काहींना कानाला काय चिकटले ते कळत नाही. अनेक रुग्णांची घालमेल दिवेलागणीला वाढते. ती सुरू होण्याआधी वीसेक मिनिटे गाणी लावलेली बरी. संताप चढल्यावर गाणेही नकोसे होते.

भारतात या आजारासाठी काम करणारी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झाली. पण प्रशिक्षित संगीतोपचारक मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत. प्रत्यक्षात हे काम सुना, लेकी, पत्नी आणि दिवसपाळी-रात्रपाळीच्या मावशी करतात, आणि मावशी बदलली की कोणते गाणे चालते ही माहितीही तिच्याबरोबर जाते. त्यासाठी दहा-बारा गाण्यांची नावे, ती कोणत्या वेळी लावायची आणि कोणती अजिबात लावायची नाहीत, हे एका कागदावर लिहून औषधांच्या चिठ्ठीसोबत ठेवावे. रुग्णाला इस्पितळात हलवावे लागले तर तो कागद फाइलमध्ये घालून सोबत न्यावा.