आपत्कालीन बालसंरक्षण प्रशिक्षण

युद्ध, भूकंप, पूर किंवा मोठे स्थलांतर अशा संकटांत मुलांचे हिंसा, शोषण, दुर्लक्ष आणि कुटुंबापासून होणारी ताटातूट यांपासून रक्षण कसे करावे, याचे जे व्यावसायिक शिक्षण सामाजिक कार्यकर्ते, शिक्षक, परिचारिका, पोलीस व मदत संस्थांचे कर्मचारी यांना दिले जाते, त्याला आपत्कालीन बालसंरक्षण प्रशिक्षण म्हणतात. धान्य, पाणी आणि ताडपत्र्या वाटण्याचे कौशल्य या कामाला पुरत नाही, कारण येथे सद्भावनेने पण घाईने केलेल्या मदतीमुळेही मुलाचे कायमचे नुकसान होऊ शकते.

हैतीतील प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे भीषण भूकंप झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील एका धार्मिक गटाच्या दहा जणांना ३३ मुले शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात नेताना अटक झाली. मुले अनाथ असल्याचा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात बहुतेकांची आई किंवा वडील हयात होते आणि काहींनी तर मुलाला चांगले शिक्षण मिळेल या आशेने ते स्वतःहून सोपवले होते. आपत्तीनंतर एकटे दिसणारे मूल अनाथच आहे असे गृहीत धरू नये, त्याला परगावी हलवू नये, दत्तक देण्याचा विचार तर त्या काळात मुळीच करू नये, हे या प्रशिक्षणाचे पहिले सूत्र आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या सरकारने मुलांना पालकांविना आचे प्रांताबाहेर नेण्यास मनाई केली, ती याच विचाराने.

कुटुंबशोधाचे काम बारकाव्यांचे आहे आणि प्रशिक्षणाचा मोठा वेळ त्यावर खर्च होतो, तो योग्यच आहे. तान्हे मूल सापडले तर ते कोठे, केव्हा आणि कोणाजवळ सापडले याची तेथल्या तेथे नोंद करायची, छायाचित्र घ्यायचे आणि अंगावरचे कपडे मळके असले तरी टाकून न देता जपून ठेवायचे, कारण आईला ओळख पटवायला पुष्कळदा तेवढीच खूण उरते. चार-पाच वर्षांच्या मुलाला आडनाव किंवा गावाचे नाव सांगता येईलच असे नाही. म्हणून घराजवळ देऊळ होते की नदी, आईला सगळे काय म्हणून हाक मारत, भावंडांची लाडकी नावे कोणती, असे प्रश्न खेळता-खेळता विचारावे लागतात. कोणी नातेवाईक म्हणून पुढे आला तरी मूल लगेच हवाली करायचे नाही. त्याने दिलेली माहिती मुलाच्या माहितीशी स्वतंत्रपणे ताडून पाहायची.

मानसिक आधाराबाबतही काही सवयी मोडाव्या लागतात. काय घडले ते मुलाकडून पुन्हापुन्हा वदवून घेणे हानिकारक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे या तीन क्रिया सांगितल्या आहेत. बोलायचे की नाही, हे मुलाने ठरवायचे असते.

या विषयाला संस्थात्मक रूप टप्प्याटप्प्याने आले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३८ व ३९ क्रमांकांची कलमे सशस्त्र संघर्षातील आणि अत्याचारग्रस्त मुलांसंबंधी आहेत. १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञ ग्रासा माशेल यांच्या अहवालाने युद्धाचे मुलांवरील परिणाम जगापुढे मांडले. मानवतावादी कार्यातील बालसंरक्षणाची किमान मानके २०१२ मध्ये तयार झाली. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत अशी २८ मानके असून अनेक अभ्यासक्रम त्यांवर आधारलेले असतात. मात्र मदत करणारेच शोषण करू शकतात हे कटू सत्य २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील निर्वासित छावण्यांविषयीच्या अहवालातून उघड झाले. त्यामुळे आचारसंहिता, नेमणुकीपूर्वीची चौकशी आणि मुलांना निर्धास्तपणे वापरता येईल अशी तक्रारव्यवस्था हे भाग प्रशिक्षणात अनिवार्य मानले जातात, आणि त्यांत कसलीही सवलत असू नये.

भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार निराधार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्यातून सुरू झाली. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने ओडिशातील चक्रीवादळ, गुजरातचा भूकंप आणि त्सुनामी यांनंतर स्थानिक कार्यकर्त्यांना मनोसामाजिक मदतीचे शिक्षण दिले.

दोन-तीन दिवसांच्या शिबिरातून माहिती मिळते, पण अंगवळणी पडत नाही. त्यासाठी अनुभवी पर्यवेक्षकासोबत प्रत्यक्ष प्रकरणे हाताळण्याचा सराव हवा. बाहेरून येणारे तज्ज्ञ काही आठवड्यांत परततात, तर अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि प्राथमिक शिक्षक गावातच असतात. कोणते मूल कोणाचे आणि त्याचा मामा कोणत्या वस्तीवर राहतो, हे त्यांना ठाऊक असते. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरासारख्या प्रसंगी निवारा केंद्रातील मुलांची यादी करण्याचे काम अशा व्यक्तींकडे सोपवता यावे, यासाठी त्यांचे प्रशिक्षण पावसाळ्यापूर्वी आणि मराठीतूनच व्हायला हवे.