शेकाचे दिवस: प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या कॅन्सरवरील उपचारांची पार्श्वभूमी

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाल्यावर माझ्या मामांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "किती दिवस यायला लागतंय?" रोगाची पायरी, औषधांचा खर्च, सगळं त्यानंतर. खानापूरच्या पलीकडे जंगलपट्टीत त्यांचं गाव. सकाळची बस चुकली की बेळगावला पोचायला दुपार. उत्तर आलं, सदतीस दिवस. सोमवार ते शुक्रवार, साडेसात आठवडे.

शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घेताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याची मूळ तक्रारच लघवी आवरत नाही ही, आणि त्याला अर्धा लिटर पाणी पिऊन नंबर येईपर्यंत थांबायचं. एखाद्या दिवशी आधीच्या पेशंटला वेळ लागला की मामा बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे. बोलायचे नाहीत.

आज तोच उपचार बऱ्याच जणांना वीस दिवसांत मिळतो, निवडक रुग्णांना पाच दिवसांत. हे दिवस कुणाच्या मर्जीने कमी झालेले नाहीत. हजारो पुरुषांनी "मला कोणत्या गटात टाकायचं ते चिठ्ठीने ठरवा" असं मान्य केलं, म्हणून ते कमी झाले.

सुरुवात मात्र किरणांपासून होत नाही, खच्ची केलेल्या जनावरापासून होते. खच्ची केल्यावर बैल शांत होतो, अंगाने बदलतो, हे आपल्याकडे कुणाही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खच्ची जनावराची प्रोस्टेट लहानच राहते, असं अठराव्या शतकातच जॉन हंटर या शल्यविशारदाने लिहून ठेवलं होतं. १९४१ साली, म्हणजे मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झालं त्याच वर्षी, शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी त्याचा धागा कॅन्सरपर्यंत नेला. अंडकोष काढले किंवा स्त्री-संप्रेरक दिलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो, हे त्यांनी रक्ताच्या तपासणीतून दाखवलं. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल मिळालं. पुढे अमेरिकेतल्या चाचण्यांत कळलं की स्त्री-संप्रेरकाच्या मोठ्या डोसने कॅन्सर दबतो, पण माणसं हृदयविकाराने जातात. मग १९७१ मध्ये, अंडकोषांना पुरुष-संप्रेरक बनवायला लावणाऱ्या, मेंदूतून येणाऱ्या मूळ संप्रेरकाची रचना उलगडली आणि त्यावरून पुरुष-संप्रेरक बंद पाडणारी महिन्याची, तीन महिन्यांची इंजेक्शनं तयार झाली.

"ऑपरेशन की इंजेक्शन?" हा प्रश्न आपल्याकडच्या घरांत आजही दबक्या आवाजात विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे. संप्रेरक कायमचंच बंद ठेवायचं असेल, तर एकदाच होणारं अंडकोष काढण्याचं छोटं ऑपरेशन हा कमीपणाचा उपचार नाही. दर तीन महिन्यांनी इंजेक्शनसाठी पैसे उभे करताना एखादी खेप चुकणं त्याहून वाईट.

किरण आणि औषध ही दोन वेगळी घराणी १९९० च्या दशकात एकत्र आली. युरोपातल्या ४१५ पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल मिशेल बोला यांनी १९९७ मध्ये मांडले. नुसते किरण दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ६२ टक्के हयात होते, किरणांबरोबर तीन वर्षं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ७९ टक्के. मग उलटा प्रश्न आला, नुसतं औषध पुरे का? २००९ साली नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमधल्या ८७५ पुरुषांच्या चाचणीने उत्तर दिलं. नुसत्या औषधावर दहा वर्षांत २३.९ टक्के लोक या कॅन्सरने गेले, किरणांची जोड दिल्यावर ११.९ टक्के. म्हणून "इंजेक्शन चालू आहे, मग शेक कशाला?" असं घरातलं कुणी म्हणालं की मी हे दोन आकडे सांगते.

दिवस कमी होण्यामागे पेशींचा एक स्वभाव आहे. बहुतेक कॅन्सर भराभर वाढतात, त्यांना रोज थोडा थोडा शेक देणं सोयीचं पडतं, कारण मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. प्रोस्टेटचा कॅन्सर सहसा सावकाश वाढतो, आणि एका वेळचा डोस मोठा केला की त्याला तो जास्त लागतो. ब्रिटनमध्ये मुख्यतः घेतलेल्या ३२१६ पुरुषांच्या चाचणीत ३७ शेकांऐवजी २० दिले, आणि २०१६ मध्ये दिसलं की रोग तितकाच ताब्यात राहतो. स्वीडन-डेन्मार्कने २०१९ साली सातवर आणलं. २०२४ मध्ये ८७४ पुरुषांच्या चाचणीत पाच शेकांनंतर पाच वर्षांनी ९५.८ टक्क्यांचा रोग परतलेला नव्हता, जास्त दिवस शेक घेतलेल्या गटात ९४.६ टक्क्यांचा.

पण ही शेवटची चाचणी कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांची होती. आपल्याकडे लघवी तुंबल्याशिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, त्यामुळे रोग बहुधा पुढे गेलेला असतो. त्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं काम महत्त्वाचं. डॉ. वेदांग मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांवर चाचणी झाली: फक्त प्रोस्टेटला शेक द्यायचा की ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही? २०२१ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं, रोगाची चाहूल देणारं प्रथिन) पुन्हा न वाढलेले ८१.२ टक्के विरुद्ध ९५ टक्के, गाठींनाही शेक दिलेला गट पुढे. रोग हाडांत थोडाच पसरला असेल तर तेव्हाही प्रोस्टेटला शेक देण्याने आयुष्य वाढतं, हे ब्रिटनच्या स्टॅम्पीड चाचणीने २०१८ मध्ये दाखवलं.

औषधांत पुरुष-संप्रेरक दाबणाऱ्या अॅबिराटेरॉनची एक छोटी चाचणी मला फार मोलाची वाटते. उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम घ्यायच्या या गोळीचं अन्नाबरोबर शोषण कितीतरी वाढतं. हगिन्स यांच्याच शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ७२ रुग्णांत न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅम देऊन पाहिले, आणि पीएसए तितकाच उतरला. चाचणी लहान होती, आयुष्यमान तिने मोजलं नाही. तरी चौथा हिस्सा गोळीत भागत असेल तर किती घरं औषध अर्ध्यावर सोडणार नाहीत! अर्थात हा बदल डॉक्टरांनी करायचा, आपण नव्हे.

मूत्राशयाच्या कॅन्सरची वाट निपाणीवरून जाते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखला, भावासाठी गोळ्या झेलल्या. ती मागणी न्याय्यच होती. त्याच पानाची विडी ओढली की धुरातली विषं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती गाळतात आणि लघवीबरोबर ती तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. अशाच रसायनांमुळे रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा रोग होतो, हे फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच ओळखलं होतं. लघवीतून न दुखता रक्त आलं की आपल्याकडे "उष्णता झाली, उन्हाळी लागली" म्हणत धने-जिऱ्याचं पाणी देतात. रक्त एकदाच येऊन थांबतं, म्हणून सगळे निर्धास्त होतात. तिथेच महिने जातात.

वरवरच्या रोगावर सर्वात चाललेलं औषध म्हणजे क्षयाची लस, बीसीजी. बेळगावात टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोत एकेकाळी देवीची लस तयार होई. लस म्हणजे दंडावर टोचायची, एवढंच आपल्याला ठाऊक. १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात नळीने बीसीजी सोडली आणि गाठी परतण्याचं प्रमाण घटलं. लस तिथल्या अस्तराला डिवचते आणि शरीराची फौज जागी होते.

रोग स्नायूत शिरला की पूर्वी मूत्राशय काढणं हाच राजमार्ग, मग बहुतेकांना पोटावर पिशवी. भर पावसात रोपं लावणाऱ्या माणसाला ती पिशवी कशी सांभाळता येणार? २०१२ मध्ये ब्रिटनच्या ३६० रुग्णांच्या चाचणीत शेकाबरोबर दोन जुनी केमो औषधं दिली, तेव्हा दोन वर्षांनी मूत्राशय आणि आसपास रोगमुक्त असलेले ५४ वरून ६७ टक्क्यांवर गेले. पुढे २०२१ मध्ये दोन चाचण्यांची आकडेवारी एकत्र पाहिली तेव्हा ३२ शेकांपेक्षा २० कुठेच कमी पडले नाहीत. इथेही दिवस घटले.

चाचणी म्हणजे "आमच्यावर प्रयोग" ही भीती आपल्याकडे मोठी आहे. पण बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत १६२० बाळंतिणींच्या सहभागाने मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी झाली. गावोगावच्या नर्सबाईंनी ती राबवली, २००६ मध्ये निकाल आला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. जगभरच्या बायकांसाठी तो पुरावा इथल्या बायकांनी दिला. प्रोस्टेटच्या चाचणीत उद्या कुणी मामांसारख्या माणसाला विचारलं, तर संमतीचा कागद त्याला समजणाऱ्या भाषेत असायला हवा. देशाचा नियमच तसा आहे. समोर कानडी किंवा इंग्रजी कागद आला तर मराठीतला मागून घ्यावा, घरी नेऊन वाचावा, आणि सही करण्याआधी विचारावं, किती दिवस यायला लागतंय.