थायरॉइडची गोळी बंद केली, तरी काही झालं नाही?

‘रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली.’ थायरॉइडचे पेशंट हे डॉक्टरांना सर्रास सांगतात. त्यापुढचं वाक्य मात्र जास्त काळजीचं असतं: ‘पंधरा दिवस झाले, काहीच त्रास नाही.’ रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच, हे समजावलं की बहुतेकांना पटतं. पण पंधरा दिवस त्रास का झाला नाही, हे फारसं कुणी सांगत नाही, आणि फसगत तिथेच होते.

थायरॉइड ग्रंथी कमी पडते, त्यांना दिल्या जाणाऱ्या या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. आपली थायरॉइड ग्रंथी जे टी-फोर संप्रेरक बनवते, तेच हे. रक्तात ते प्रथिनांना चिकटून फिरतं, त्यामुळे फार सावकाश संपतं. त्याचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं आहे. ग्रंथी स्वतः काहीच बनवत नसेल, तर गोळी थांबवल्यावर आठवड्याने निम्मं टी-फोर उरतं, दोन आठवड्यांनी पाव आणि चार आठवड्यांनी जेमतेम सोळावा हिस्सा. नळ बंद झाला तरी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी काही काळ पुरतं, तसे हे पंधरा दिवस निघतात. एखाद्या दिवशी गोळी विसरली तर घाबरायचं कारण नाही, तेही याचमुळे.

हा सावकाशपणा किती फसवा असतो, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या सर्जन थिओडोर कोखर यांना कळलं. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते अख्खी ग्रंथी काढत, जखम छान भरे, पेशंट घरी जाई. पुढे, पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या एका मुलीची अवस्था दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना कळवली: वाढ खुंटलेली, बुद्धी मंदावलेली. कोखर यांनी जुन्या पेशंटना बोलावून घेतलं. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ज्या 18 जणांना त्यांनी पुन्हा तपासलं, त्यांतल्या 16 जणांत हीच लक्षणं दिसली. 1883 साली त्यांनी हे उघडपणे मांडलं. थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना 1909 मध्ये नोबेल मिळालं. माझ्या मते त्या कामातला सर्वांत मोलाचा भाग ही कबुलीच होती.

गोळी सुटल्यावर सगळ्यात आधी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला चाहूल लागते. ती टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवत नेते. थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढल्यावर रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीन) देण्यापूर्वी काही वेळा ही गोळी मुद्दाम तीन-चार आठवडे थांबवतात, तेव्हा टीएसएच 30 च्या वर जातो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक दिवसांपुरतं असतं, तरी त्या काळात पेशंट अगदी गळून जातात.

मग थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणं, पाळीत जास्त रक्तस्राव. टाचेमागच्या जाड शिरेवर डॉक्टर छोटी हातोडी मारतात, तेव्हा पाऊल झटकन खाली जातं, पण परत जागेवर यायला रेंगाळतं. नाडी मंदावते. यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, ते वाढतं. म्हाताऱ्या माणसाची गोळी अनेक महिने बंद असेल आणि त्यात न्यूमोनिया, कडाक्याची थंडी किंवा झोपेच्या गोळ्यांची भर पडली, तर अंग गार पडून शुद्ध हरपू शकते. याला मिक्सिडीमा कोमा म्हणतात. तो क्वचितच होतो, पण आयसीयूत उपचार मिळूनही त्यात अनेकजण दगावतात.

गरोदरपणात तर गोळी सोडणं फारच धोक्याचं. पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसं संप्रेरक बनवत नाही; त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-फोरवर चालते. या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो. ‘पोटात बाळ आहे, आता औषधं नकोत’ असं घरातलं कुणी मायेने म्हणत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

‘गोळीची सवय लागते’ ही भीतीही खरी नाही. गोळीमुळे ग्रंथी कायमची आळशी होत नाही. निरोगी ग्रंथी गोळी थांबल्यावर काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागते. बाळंतपणानंतरची थायरॉइडची सूज ओसरली, किंवा मुळातच टीएसएच किंचित वाढलेला होता, अशा काहींची गोळी डॉक्टर बंद करतातही. मात्र त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ते पुन्हा टीएसएच पाहतात.

आपल्याकडे हा प्रश्न छोटा नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या प्रौढांच्या पाहणीत, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, सुमारे 11 टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता आढळली.

गोळी सुटून महिने झाले असतील, तर जुनी बाटली काढून एकदम पूर्ण डोस सुरू करू नका. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल, तर अचानक वाढलेल्या संप्रेरकाने छातीत दुखू शकतं, ठोके अनियमित होऊ शकतात. अशांना डॉक्टर बहुधा 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू डोस वाढवतात. त्यांना भेटाल तेव्हा गोळी नक्की कधी बंद केली, हे संकोच न करता सांगा. नाहीतर वाढलेला टीएसएच पाहून, डोस कमी पडतोय असं समजून ते तो वाढवून देतील.