छुपी पाणीगळती (ट्रकचे इंजिन)

ट्रकच्या इंजिनातील पाणी किंवा कूलंट जमिनीवर थेंबही न पडता कमी होत जाणे, या बिघाडास छुपी पाणीगळती म्हणतात. कोल्हापूरच्या गॅरेजांत ‘गाडी पाणी खाते’ एवढ्याच शब्दांत तो सांगितला जातो. जुन्या इंजिनांत हा दोष विशेष आढळतो, कारण रबरी होज व रिंगा कडक झालेल्या असतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे कूलंटऐवजी बोअरचे साधे पाणी भरलेले असते.

ही गळती बहुधा एका ठरावीक अवस्थेतच होते, म्हणून ती दृष्टीस पडत नाही. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात होजची पकड सैल होऊन पाझर सुटतो आणि इंजिन तापताच तो बंद होतो. याउलट कोकणातून चिरा भरून आंबा घाट चढणाऱ्या गाडीत दाब व उष्णता दोन्ही वाढल्यावरच हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक व त्यावरील झाकणासारखा भाग, म्हणजे हेड, यांमधील सांधा बंद ठेवणारा पातळ थर) जागा सोडते, आणि सायलेन्सरकडील तापलेल्या भागावर पडलेला थेंब तेथेच वाफ होऊन जातो. त्यामुळे पाणी उभ्या गाडीत कमी होते, चढावर होते की रिकाम्या फेरीतही होते, हे चालकाला आधी विचारणे कोणत्याही उपकरणाइतकेच उपयोगाचे ठरते.

तपास रेडिएटरच्या झाकणापासून सुरू करावा, अर्थात इंजिन पूर्ण थंड असताना. झाकण यंत्रणेतील दाब धरून ठेवते आणि दाब प्रति चौरस इंच एक पौंडाने वाढला की उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने चढतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने उघडे पाणी येथे ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी असेल, तर पाणी वाफेवाटे निघून जाते आणि मुळात नसलेल्या गळतीसाठी हेड उतरवले जाते. झाकण ठीक असल्यास दाब दाखवणारा काटा असलेल्या हातपंपाने झाकणावर छापलेल्या मर्यादेइतका दाब देऊन काटा १५ ते २० मिनिटे पाहतात. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जात आहे असे समजावे. वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खालचे बारीक छिद्र मात्र त्याआधी पाहावे. सील गेल्याची खूण तेथेच दिसते. ते छिद्र सीलंटने बुजवणे म्हणजे पाणी बेअरिंगकडे वळवणे होय.

आत जाणाऱ्या पाण्याचा माग अधिक कठीण असतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याचा) नट किंचित सैल केल्यास, ऑइलपेक्षा जड असलेले पाणी आधी बाहेर येते. रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग आहे पण चेंबरमध्ये पाणी नाही, अशा वेळी ऑइल कूलरवर संशय घ्यावा, कारण चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट पाणी लागते अशा, इंजिनात ऑइल काढून चेंबर उतरवतात व दाब देऊन खालून पाहतात. लायनरच्या बुडाशी थेंब जमल्यास तेथील रबरी रिंग गेलेली असते. थेंब वरून, लायनरच्या आतल्या बाजूने ओघळत असेल तर प्रकरण गंभीर आहे. लायनरच्या कंपनाने पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि बाहेरून लायनरची भिंत कोरत आरपार छिद्र पाडतात; योग्य रसायन नसलेल्या साध्या पाण्यात ही झीज अधिक होते. सिलिंडरमध्ये पाणी साचल्याची शंका असल्यास नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढल्याशिवाय स्टार्टर मारू नये, अन्यथा कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसताच गॅस्केटला दोष देण्याची घाई सर्रास होते. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर अनेक ट्रकांत इंजिनाच्याच पाण्याने थंड केला जातो आणि त्याचे गॅस्केट फुटल्यास तशीच हवा पाण्यात येते. कॉम्प्रेसरचे पाणी थोडा वेळ बाजूला वळवून इंजिन चालवले की दोहोंतील फरक कळतो.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय चालकांमध्ये जुना आहे, आणि हळदीची पेठ असलेली सांगली शेजारीच असल्याने येथे ती मिळण्यास अडचण नाही. बारीक पाझर त्याने काही दिवस थांबतो. पण रेडिएटरच्या नळ्याही तुंबतात आणि पुढचा तपास अवघड होतो. निदान पक्के झाल्यावर हेडचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे) व तडा तपासणी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील वर्कशॉपांत करून घेतात. उसाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम उरकणे सोयीचे असते, कारण हंगामात गाडी उभी ठेवणे मालकाला परवडत नाही.